ताराबाई शिंदे आणि घरातील बंदिवास

चिखलीहून खामगावास जाणाऱ्या सडकेवर उंद्री गाव आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांचा जन्म अशा गावी गेला, त्यांस बंधनाचे प्रकार कोणी शिकवावे लागत नाहीत. गाय दाव्याला असते. बैलाच्या नाकात वेसण असते व कासरा धन्याच्या हाती असतो. पळपुट्या गुराच्या गळ्यात लोढणे अडकवितात, मळणीत तोंड घालणाऱ्या बैलास मुसके बांधतात, आणि परक्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाते. राघू पिंजऱ्यात बसून शिकविलेले शब्द बोलतो. ह्या प्रत्येकाचा हेतू निराळा आहे व प्रत्येकात जाच सारखा नाही. दाव्यामुळे गाय रात्री सुरक्षित राहते. मुसक्याने मात्र श्रम करणाऱ्या जनावराच्या तोंडचा घास जातो, म्हणून मोशेच्या नियमशास्त्राने त्यास मनाई केली आहे. तरी ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे हे सर्वांस ठाऊक असते, आणि ज्याच्या हाती ते आहे त्याने वैरण-पाणी दिले नाही तर गाव त्यास नावे ठेविते.

मनुष्याच्या बंधनाचे तसे नाही. तुरुंगातल्या मनुष्यास आपण कैदी म्हणतो, कारण त्याच्या दारास कुलूप दिसते. ज्या घराच्या दारास कुलूप नाही, जेथे दागिना आहे, भाकरी आहे, मानही आहे, तेथे कोणी बंदीत आहे असे कोणाच्या मनात येत नाही. आणि आत बसलेल्या व्यक्तीच्या मनातही पुष्कळदा येत नाही. आपल्या बुलढाणे जिल्ह्यात शंभर-सव्वाशे वर्षांमागे एक बाई होऊन गेली, जिच्या हे मनात आले आणि जिने ते छापून काढिले. तिचे नाव ताराबाई शिंदे. आज विद्वान लोक तिच्या पुस्तकास भारतातील स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या पहिल्या लेखनांत मोठे स्थान देतात. ज्या जिल्ह्यात ती वाढली त्या जिल्ह्यातील खेड्यांत मात्र तिचे नाव फारसे निघत नाही, म्हणून तिचे चरित्र येथे देण्याचे योजिले आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० साली बुलढाण्यास एका मराठा घराण्यात झाला. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या मुलखापैकी होते. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला व पुढे बुलढाणे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. कचेऱ्या आल्या, त्यांबरोबर लिहिता-वाचता येणारे कारकून आले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. नोकरी सरकारी असली तरी गृहस्थ मिंधे नव्हते. शिकलेल्या एतद्देशीयांस चार गोष्टी सांगणारे एक पुस्तक त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केले होते, आणि पुण्यास जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी जो सत्यशोधक समाज स्थापिला, त्याच्याशी ह्या शिंदे घराण्याचा निकट संबंध होता.

बापूजींस मुलगे होते व मुलगी ही एकच. मुलींची शाळा त्या भागात नव्हती. तेव्हा बापाने मुलीस घरीच शिकविले. आणि नुसते बाराखडीपुरते नव्हे, तर मराठी, संस्कृत व इंग्रजी ह्या तिन्ही भाषा शिकविल्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी दिली तर तिचा नवरा मरतो असे जाणती माणसे बोलत, त्या काळी बुलढाण्यासारख्या आडबाजूच्या ठिकाणी हे घडले. पुण्यामुंबईच्या सुधारकांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा त्यांच्यापाठी शाळा, मंडळ्या, मिशनरींचा सहवास, वर्तमानपत्रे असे पुष्कळ पाठबळ दिसते. खुद्द जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. येथे एक बाप, एक मुलगी आणि घरातील पोथ्या-पुस्तके, एवढेच होते. बापूजींचे हे काम आम्हास मोठे वाटते.

परंतु हाच बाप रूढीपुढे वाकला, किंवा त्यास वाकावे लागले. ताराबाईंचे लग्न लहानपणीच लाविण्यात आले. एवढे मात्र केले की मुलीस सासरी न धाडता जावयास घरी आणिले. त्यामुळे सासुरवासाचा जाच टळला व वाचनाची सवय टिकली. त्यांस मूलबाळ झाले नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, नाहीतर ताराबाईंचा राग कोठून आला हे कळणार नाही. उंद्रीच्या शिवारात निंदणी-वेचणीस जाणारी कष्टकरी बाई उन्हातान्हात राबते, परंतु ती मोकळ्या आभाळाखाली असते. तिचा नवरा मेला तर पुष्कळ जातींत पाट लावण्याची चाल होती. दुसरे घर करून ती संसार पुढे चालवी. मराठ्यांतील वरच्या म्हणविणाऱ्या घराण्यांत मात्र बायकांस गोषा असे. घराची इभ्रत जितकी मोठी, तितका ओटा ओलांडणे कठीण. आणि ब्राह्मणांचे पाहून ह्या घराण्यांनी विधवेच्या पुनर्विवाहासही बंदी घातली. सरकारने १८५६ साली कायदा करून हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास परवानगी दिली होती. पण कायदा कागदावर राहिला, व ज्या कुळांत पूर्वी पाटाची मोकळीक होती त्यांनीही प्रतिष्ठेसाठी ते दार आतून लावून घेतले. अशा रीतीने वर चढण्याच्या हौसेत पुरुषांनी पैका व मान मिळविला, आणि त्याची किंमत घरातल्या लेकीसुनांनी दिली. ताराबाई ह्या अशा घरच्या. म्हणून आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःची ओळख मराठी चालीच्या घरात आठही प्रहर बंदीत पडलेली एक बुद्धिहीन अबला अशी करून दिली आहे. बुद्धिहीन म्हणणे हा उपरोध होता, हे पुढील पान उलटताच कळते. बंदीत पडलेली हे म्हणणे उपरोधाचे नव्हते.

ज्या प्रसंगाने त्यांनी लेखणी उचलली तो प्रसंग वऱ्हाडातील नव्हे, सुरतेकडील आहे. तेथे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. वैधव्यात तिला दिवस गेले. लोकलज्जेच्या भयाने तिने जन्मलेले मूल मारिले. १८८१ साली तिच्यावर खटला होऊन तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे अपिलात फाशी टळून काळ्यापाण्याची शिक्षा ठरली. मूल मारणे हे पाप होते व आहे; ताराबाईंनीही त्यास पुण्य म्हटले नाही. पण ह्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत जे लिहिले गेले ते वाचून त्यांचा संताप झाला. पुणे वैभव नावाच्या पत्राने ह्या एका अभागिनीवरून सगळ्या स्त्रीजातीस दूषणे दिली; नव्या काळात बायका बिघडल्या, असा सूर लाविला. ज्या पुरुषामुळे तिला दिवस गेले त्याच्याविषयी कोणी चौकशी केली नाही. कोर्टात एकटी ती उभी राहिली.

कोंडवाड्याचा विचार येथे आमच्या मनात येतो. जनावर चुकून परक्याच्या शेतात गेले तर ते कोंडले जाते, हे खरे. पण धनी येतो, दंड भरतो आणि त्यास सोडवून नेतो. जनावराने पीक खाल्ले तरी जबाबदार धनी धरला जातो. विजयालक्ष्मीस सोडविण्यास कोणी आले नाही, आणि तिच्या वाटची जबाबदारीही कोणी उचलली नाही. जिला केस कापून, एका लुगड्यावर, एका जेवणावर, कोपऱ्यात बसविले, तिच्या राखणीचा अधिकार घराने घेतला होता. राखण फसली तेव्हा दोष एकटीच्या पदरी आला. तिला बंदीत ठेविणारे हात किती होते ते पाहा: बापाने बाळपणी लग्न लाविले, जातीने पुनर्विवाह रोखिला, शेजाऱ्यांनी जिभेने पहारा केला, आणि अखेरीस सरकारने कुलूप लाविले. तुरुंग हा तिचा शेवटचा बंदिवास होता, पहिला नव्हे.

ताराबाईंचा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. नाव स्त्रीपुरुषतुलना, आणि स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हे उघड करून दाखविणे हा त्याचा हेतू असल्याचे नावाबरोबरच सांगितलेले आहे. साहसी हा शब्द आज आपण शूर ह्या अर्थी वापरतो. तेव्हा त्याचा अर्थ आततायी, परिणाम न पाहता पाप करणारा, असाही होता. आणि बायकांवर हाच आरोप होता.

पुस्तकाची रचना साधी आहे. बायकांना कपटाचे घर, संशयाचा भोवरा, नरकाचे दार इत्यादी ठरविणारा संस्कृतातील एक जुना श्लोक त्यांनी घेतला, आणि त्यातील एकेक दूषण उचलून विचारिले की हे पुरुषांत नाही काय? अविश्वास म्हणाल तर घर सोडून दुसरीच्या दारी जाणारा कोण? कपट म्हणाल तर कचेरीत लाच खाणारा, भोळ्या माणसांस फसविणारा, साधूचे सोंग घेऊन लोकांस नागविणारा कोण? अविचार म्हणाल तर पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचे लग्न लाविणारा बाप स्त्री आहे की पुरुष? बायको मेली की दहावा-तेरावा होतो न होतो तोच दुसरी आणण्याची बोलणी चालतात. मग बायको मेलेल्या पुरुषानेही मिशा काढून, कोपऱ्यात बसून, उरलेला जन्म विरक्तीत का घालवू नये? एकाच देवाने दोघांस घडविले असता नियम दोन का? हा प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष देवासही विचारिला आहे.

पुराणांतल्या देवादिकांच्या कथांसही त्यांनी सोडिले नाही. पतिव्रता म्हणून ज्यांची नावे घेतात त्यांच्या कथा नीट वाचा, आणि त्या कथांतील पुरुषांचे व देवांचे वर्तन पाहा, असे त्या सुचवितात. त्या काळची नाटके व गोष्टींची पुस्तके, ज्यांत बायकांच्या लबाड्यांची रसभरित वर्णने असत, तीही त्यांनी झोडपून काढिली. आणि सुधारकांवर तर त्यांची जीभ अधिकच तिखट चालली आहे. सभा भरविणारे, टाळ्या घेणारे, आणि घरी आल्यावर विधवा बहिणीस कोपऱ्यातच ठेविणारे विद्वान त्यांस चांगले ठाऊक होते. पुरुष आगगाडीत बसतो, साहेबी बूट घालतो, नवे खाणेपिणे शिकतो, तेव्हा धर्म बुडत नाही. बाईने अक्षर वाचिले की बुडतो, ह्या विसंगतीवर त्यांचे बोट बरोबर पडले आहे.

भाषा बुलढाण्याकडची, घरच्या ओट्यावरची आहे. म्हणी आहेत, टोमणे आहेत, मध्येच शिव्याही आहेत. पंडिती लेखन वाचण्याची सवय असलेल्या त्या वेळच्या वाचकांस ते असभ्य वाटले. आमच्या मते हा असभ्यपणा क्षम्य आहे. पिंजऱ्यातला राघू शिकविलेले बोलतो तोपर्यंत लोक कौतुक करितात. तो चोच मारितो तेव्हा त्यास दुष्ट म्हणतात.

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई यांचे स्त्रीधर्मनीती हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हा रमाबाईंचा बाप्तिस्मा व्हावयाचा होता. तो पुढील वर्षी इंग्लंडात झाला. ते पुस्तक सौम्य असून त्यात स्त्रियांस सद्वर्तनाचा उपदेश आहे. दोन्ही पुस्तके जवळ ठेवून वाचिली असता नवल वाटते. पुण्यास मोठमोठ्यांच्या सभांत मान पावलेली विदुषी तेव्हा सांभाळून लिहीत होती, आणि बुलढाण्याच्या गोषातली बाई कोणाचीही भीड न धरता लिहीत होती. पुढे रमाबाईंनी शब्दांपलीकडे जाऊन १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडिले, आणि नंतर केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातील शेकडो मुली व विधवा आणून ठेविल्या, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. जोतीराव व सावित्रीबाई यांनी तर १८६३ सालीच पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले होते. दिवस गेलेल्या विधवेने तेथे गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, अशी सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पोटच्या मुलाप्रमाणे वाढविला. असे एक दार विजयालक्ष्मीच्या गावाजवळ असते तर एक मूल वाचते आणि एक बाई काळ्यापाण्यापर्यंत न जाती. ताराबाईंपाशी असे दार उघडण्याचे साधन नव्हते. त्यांच्यापाशी लेखणी होती.

पुस्तकाचे स्वागत झाले नाही. टीका मात्र झाली, आणि ती केवळ जुन्या मताच्या लोकांकडून नव्हे. सत्यशोधकांतीलही काही मंडळींस बाईचे हे बोलणे झेपले नाही. तेव्हा जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८५ साली त्यांनी सत्सार ह्या नावाने लहान पुस्तके काढण्यास आरंभ केला होता. त्याच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा आपल्या लेकीप्रमाणे गौरवाने उल्लेख केला, आणि त्यांच्या निबंधाची आपल्या सहकाऱ्यांस शिफारस केली. पुरुषांच्या बाजूने मिळालेली ही एकच मोठी साक्ष होय. ती पुरेशी झाली नाही. स्त्रीपुरुषतुलनेनंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ज्या बाईने असे लिहिले तिच्यापाशी आणखी लिहिण्यास काही उरले नव्हते, हे आम्हास खरे वाटत नाही. मळणीच्या बैलाचे मुसके हाताने बांधावे लागते. माणसाचे मुसके हसण्याने, नाक मुरडण्याने व पुस्तकाकडे पाठ फिरविण्याने बांधता येते.

ह्यानंतर त्या सुमारे अठ्ठावीस वर्षे जगल्या. त्या अवधीत वऱ्हाडाने १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाहिले. वैरण नाही म्हणून शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी गुरांची दावी सोडिली व त्यांस रानात हाकलून दिले. सुटका म्हणावी अशी ती सुटका नव्हती. दावे सुटलेली गुरे ओढ्याकाठी मरून पडली. ज्यास चारा-पाणी नाही, जाण्यास ठिकाण नाही, त्याची दोरी नुसती कापल्याने तो मुक्त होत नाही, हे त्या वर्षांनी दाखविले. विधवेचे तेच होते. घराने टाकिले तर ती स्वतंत्र होत नसे, उघड्यावर पडे. म्हणून ताराबाईंची मागणी नुसती मोकळे सोडा अशी नव्हती. विधवांची लग्ने होऊ द्या, त्यांस संसार द्या, आणि जो नियम स्वतःस लाविता तोच त्यांस लावा, अशी होती.

ताराबाई १९१० च्या सुमारास वारल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि मरणानंतर त्यांस आपल्या मंडळीत ओढून घेण्याची आमची इच्छा नाही. त्यांनी विचारिलेले प्रश्न मात्र आपल्या घरांपाशी येऊन थांबतात. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज जातीचे व सावकाराचे बंध तोडून आले. गावच्या वेशीबाहेर राहणे काय असते हे त्यांस ठाऊक होते. तरी उपासनेस येणाऱ्या पुरुषाच्या घरी जाऊन पाहावे. मुलगा शाळेत आणि मुलगी धाकट्या भावंडास काखेत घेऊन चुलीपाशी, विधवा सून शुभकार्यात मागल्या दाराशी, आणि पंचायतीत बाईचा शब्द पुरुषाच्या तोंडून, असे अनेक ठिकाणी आढळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे शेकतो, दुसरे दिवशी त्यास न्हाऊ घालितो, पुरणपोळी चारितो, आणि त्याच सणास जुनी वेसण काढून नवी घालितो. लेकीच्या लग्नात नवे लुगडे व डोरले पाहताना आम्हास कधी कधी त्या नव्या वेसणीची आठवण होते. कोणी रागावू नये; ताराबाईंनी ह्याहून कठोर लिहिले आहे.

त्यांचे पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षे विस्मृतीत पडून होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापिले, तेव्हा महाराष्ट्रास ताराबाईंचे नाव नव्याने कळले. १९९४ साली रोझलिंड ओहॅनलन ह्या विदुषीने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि परदेशांतील विद्यापीठांतही ते वाचिले जाऊ लागले. मराठी प्रत मोठी नाही. एका-दोन बैठकींत वाचून होते. ज्या उपदेशकांस ती मिळेल त्यांनी बायकांच्या सभेत ती मोठ्याने वाचून दाखवावी. काही शब्द शिवराळ आहेत. वाचताना ते गाळू नयेत.